स्ट्रेचरच्या डोक्याशी

१७ जानेवारी. सकाळचा स्वयंपाक उरकला आणि स्ट्रेचरचा पट्टा शिवायला घेतला. जाड पट्टा, दाभण आणि मेण लावलेला दोरा. हे काम दीड वर्ष पडून होतं, कारण दाभणात दोरा ओवण्याएवढी बोटं माझ्या ताब्यात नव्हती. आज दुसऱ्या प्रयत्नात दोरा गेला. घरात कोणी नव्हतं, म्हणून मी एकटीनेच "गेला!" असं मोठ्याने म्हणून घेतलं.

अर्धा पट्टा झाला तेवढ्यात धुळ्याहून फोन आला. मला चालायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण दरारा हेडमास्तरांचा.

"ताई, तुमचाच आजार असलेला एक पेशंट आलाय. पारोळ्याकडचा शेतकरी आहे. मशीनवर आहे, बोलू शकत नाही, पण त्याला सगळं कळतं. तुम्ही काहीतरी लिहून पाठवा. मी वाचून दाखवीन."

"काय लिहू?"

"खरं काय ते."

म्हणून लिहायला बसले आहे. बोटांना मधेमधे विश्रांती द्यावी लागते. आज विश्रांती म्हणजे दाभण खाली आणि पेन वर.

आमचा नियम

साक्रीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. वय पन्नास. गावाच्या पश्चिमेला डोंगर आणि जंगल सुरू होतं. पावसाळ्यात तिकडे ओढ्याला अचानक पाणी येतं, धबधब्यावर फोटो काढणारी पोरं घसरतात, जळणाला गेलेली बाई कड्याखाली सापडते. गाडी जिथे पोचत नाही तिथून माणसाला खाली आणायला आमचा गट आहे. सगळे आपापले उद्योग सांभाळून येणारे. एसटीतून निवृत्त झालेले नाना हे म्होरके. सलीमभाऊंचं वेल्डिंगचं दुकान, स्ट्रेचरची चौकट त्यांनीच केलेली. त्याचं फाटलेलं कापड शिवायला ते माझ्याकडे आले, तेव्हा मी विचारलं, हे घेऊन तुम्ही जाता तरी कुठे? पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर डोंगरावर होते. त्याला आता बरीच वर्षं झाली. गटात मला सगळे अक्का म्हणतात.

आमच्यात स्ट्रेचर उचलणाऱ्यांखेरीज एक जण जखमी माणसाच्या डोक्याशी चालतो. त्याने ओझं धरायचं नाही, फक्त बोलत राहायचं. आडव्या बांधलेल्या माणसाला आभाळाशिवाय काही दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक हिसक्याला त्याला वाटतं, आता पडलो. म्हणून त्याला पुढचं सांगायचं. आता उतार आहे, पाय वर होतील. आता ओढा आहे, पाणी गुडघ्याएवढं आहे. आणि खोटं बोलायचं नाही. "आलंच आता" या शब्दांना नानांची सक्त बंदी आहे. ते म्हणतात, एकदा आलंच म्हटलं आणि आलं नाही, की तो माणूस नंतर कशावरही विश्वास ठेवत नाही, आणि मग स्ट्रेचरवरून उठायला बघतो.

हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण माझ्या आजारपणात औषधाखालोखाल याच नियमाचा उपयोग झाला.

बूट आणि चष्मा

दीड वर्षापूर्वी, भर पावसाळ्यात, हरवलेल्या एका गुराख्याला शोधायला आम्ही दोन दिवस डोंगरात होतो. तो सुखरूप सापडला. मला मात्र घरी आल्यावर जुलाब लागले. ओढ्याचं पाणी बाधलं, असं म्हणून मी दोन दिवसांत पुन्हा दुकानात बसले.

काही दिवसांनी पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी ठरवलं, बूट भिजून आखडले असणार. नाड्या ढिल्या केल्या. मग सुईत दोरा जाईना. मी ठरवलं, चष्म्याचा नंबर वाढला. बाजारात जाऊन डोळे तपासून घेतले, नवा चष्मा करायला टाकला. चष्मेवाल्याने सांगितलं, "नंबर फारसा बदललेला नाही." मी त्याच्याशी वाद घातला.

डोंगरात हिंडणाऱ्या माणसांना ही खोड असते. शरीर काही बोललं की आम्ही सामान तपासतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीतून उठता येईना. माझा नवरा शांताराम मला ओढून काढत होता आणि मी त्यालाच ओरडत होते, "नीट धरा की!" तो नीटच धरत होता. माझे पाय नव्हते जाग्यावर.

सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. त्यांनी निकाल दिला. "डोंगर डोंगर फिरनी, आते पाय रुसनात."

आमचं घर दुकानाच्या वर, जिना अरुंद आणि वळणाचा. शांतारामने नानांना फोन केला. गट आला तो आमचंच स्ट्रेचर घेऊन. मी शिवलेले पट्टे माझ्याच अंगावर आवळले गेले आणि मला पहिल्यांदा कळलं, की पट्ट्याची जाड दुमड मी आतल्या बाजूला ठेवली आहे आणि ती कमरेत टोचते. तेव्हाच ठरवलं, हे उसवून दुमड बाहेर घ्यायची. आज शिवते आहे तो हाच पट्टा.

नाना डोक्याशी उभे राहिले. "अक्का, नऊ पायऱ्या आणि मग वळण. वळणावर तू तिरकी होशील. सलीम खाली आहे."

सलीमभाऊ खालून म्हणाले, "अक्का, ज्वारी-बाजरी जरा कमी खात जा. पाठ मोडली माझी."

मी हसले. हसताना डाव्या गालाने साथ दिली नाही. ते मला कळलं, आणि नानांनाही दिसलं. ते म्हणाले, "डावा गाल कमी हलतोय. डॉक्टरांना सांगू." एवढंच. घाबरले असतील, पण आवाज तोच.

आजाराचं नाव कळलं तो दिवस

धुळ्याच्या हॉस्पिटलात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, नसांना विजेचे झटके देऊन तपासलं. मग डॉक्टर शांतारामला बाहेर घेऊन गेले. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता.

"काही नाही. अशक्तपणा आहे. आठवड्यात घरी."

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, "अहो, उतार आहे का ओढा आहे, ते सांगा. आलंच आता, असं सांगू नका."

तो उठून खिडकी लावू लागला. मग मी सिस्टरला सांगून डॉक्टरांनाच बोलावलं. ते जरा चकित झाले, पण खुर्ची ओढून बसले. ते म्हणाले, याला जीबीएस म्हणतात. शरीर स्वतःच्याच नसांवर चालून गेलं आहे. कमजोरी पायांकडून वर चढते. आणखी चढेल. कदाचित श्वासापर्यंत जाईल, मग मशीन लावावं लागेल. कुठेतरी ती थांबेल. मग शक्ती परत यायला लागेल, पण ती वरून खाली येते आणि फार सावकाश येते.

"पूर्ण येते?"

"बहुतेकांची बरीच येते. तुमची किती येईल, ते आज मला सांगता येत नाही."

"डोंगर चढता येईल?"

"तेही माहीत नाही."

तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्या दिवशी मला शांत झोप लागली. वाट कळली होती. आधी चढ, मग एक सपाटी, मग लांबच लांब उतार. लांबी माहीत नव्हती, पण दिशा माहीत होती. तुमच्याशीही कोणी गोड खोटं बोलत असेल, तर त्यांच्यावर रागावू नका. ते घाबरलेले असतात. डॉक्टरांना विचारा.

मशीन

कमजोरी छातीपर्यंत चढली आणि तोंडातून नळी घातली. या दिवसांबद्दल थोडंच लिहिते. वेदना होती, पण ती सहन होते. सहन होत नाही ते, आपल्याला ऐकू येतं हे लोक विसरतात. दोन बाया माझ्या पायाशी उभ्या राहून एकीच्या सुनेच्या बाळंतपणाबद्दल बोलल्या आणि त्यातलं ऐन मोक्याचं यायच्या आधीच निघून गेल्या. मुलगा झाला की मुलगी, ते मला अजून कळलेलं नाही.

दिवसातून एकदा घरच्या एकाला आत सोडत. शांताराम यायचा, हात धरायचा, "छान आहेस, छान आहेस" म्हणायचा आणि रडत बाहेर जायचा. माझी मुलगी कविता भुसावळहून यायची. तिचा नवरा रेल्वेत आहे. ती बाहेर गटातल्या लोकांशी भांडली. "तुम्ही माझ्या आईला त्या घाण पाण्यात नेलं." नानांनी ऐकून घेतलं. मग तिने आपली पाळी त्यांना दिली. का दिली, ते तिने कधी सांगितलं नाही.

नाना उशाशी उभे राहिले. खुर्ची होती, बसले नाहीत. स्ट्रेचरच्या डोक्याशी बसून चालत नाही.

"अक्का, आज मंगळवार. सकाळचे अकरा. श्वास मशीन घेतंय. हात-पाय अजून हलत नाहीत. ताप नाही. कालपेक्षा खाली गेलेली नाहीस, डॉक्टर म्हणतात चढ थांबला असावा. असावा म्हणाले, थांबला म्हणाले नाहीत. कविता माझ्यावर चिडली आहे, ते बरोबर आहे. शांताराम दोन दिवस जेवला नव्हता, सलीमने त्याला शेवभाजी खायला घातली. तिखट लागली म्हणून सलीमला शिव्या दिल्या, म्हणजे तो बरा आहे. सगळं कळलं असेल तर एकदा डोळे मीट."

मी एकदा मिटले. त्या खोलीत मला मिळालेलं ते सगळ्यात मोठं सुख होतं.

दुसऱ्या दिवशी शांताराम आला तो तसाच उशाशी उभा राहिला. नानांनी शिकवलं होतं की त्याचं त्यालाच सुचलं, माहीत नाही. "आज बुधवार," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी घाबरलोय. तुझे बूट मी भंगारवाल्याला देऊन टाकले. तू बरी झालीस तरी मी तुला डोंगरावर जाऊ देणार नाही."

नळीमुळे भांडता आलं नाही. मी दोनदा डोळे मिटले. दोनदा म्हणजे नाही.

शिट्टी

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. चढ थांबला होता. दीड आठवड्याने नळी निघाली. आवाज गेलेला, फुंकर मारण्याएवढाही दम नव्हता. छातीच्या व्यायामाला, श्वास ओढून तीन गोळे वर उचलायचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं, ते मला काही जमेना. सलीमभाऊंनी माझी गटाची शिट्टी आणून कॉटला लटकवली. मॅडम म्हणाल्या, "वाजवा, हाही व्यायामच आहे." चार दिवस नुसती हवा गेली. पाचव्या दिवशी ती अशी कडक वाजली, की वॉर्डातले सगळे दचकले आणि सिस्टर धावत आल्या.

"काय झालं? कोणाला काय झालं?"

"काही नाही," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. "श्वास आला."

शिट्टी जप्त झाली. रोज व्यायामाच्या वेळी सहीशिवाय परत मिळायची, एवढी मेहेरबानी.

छोट्या मेहेरबान्या आणखीही होत्या. सफाईच्या मावशींनी एका दुपारी स्वतःहून माझे केस धुवून वेणी घातली. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटची बहीण माझ्या नाकावरची माशी हाकलायची. हात हलत नसताना माशी काय असते, ते ज्याचं त्यालाच कळतं.

घरी आल्यावरचे महिने सगळ्यात कंटाळवाणे होते, हेही खरंच सांगते. हॉस्पिटलात निदान सगळे तुमच्यासाठी धावतात. घरी तुम्ही खुर्चीत आणि जग आपल्या कामाला. मला न्हाणीघरात शांताराम नेई. मी ओशाळून त्याच्यावर खेकसे आणि मग आम्ही दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत नसू. सासूबाई मात्र रोज मला दारापर्यंत चालवायच्या. स्वतःच्या काठीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्यांच्या. "चाल वं माय, मी म्हतारी चालस आणि तुले काय व्हयनं?" पडले तर दोघी पडणार होतो. पडलो नाही.

आधी वॉकर, मग काठी, मग भिंत. उन्हाळ्यात जिना एकटीने उतरले. गेल्या पावसाळ्यात दुकान उघडलं. दिवाळीनंतर गटाच्या सरावाला जाऊन पायथ्याशी बसू लागले. वर जायचं नाव काढलं की शांताराम ताटावरून उठायचा.

फोन

इथपर्यंत लिहिलं, पट्ट्याचे शेवटचे टाके घातले, दोरा दातांनी तोडला आणि पुन्हा फोन वाजला. या वेळी नाना.

"अक्का, वरच्या पाड्यावरची एक आजी शेळ्यांमागे गेली आणि घसरली. मांडीचं हाड गेलंय बहुतेक. पट्टा झाला का?"

"झाला."

"सलीम न्यायला येतोय." मग म्हणाले, "डोक्याशी चालायला माणूस कमी आहे. दोघं लग्नाला गेलेत. वाट तुला माहीत आहे. सोपी नाही. येतेस का, ते तू सांग."

शांताराम दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे न बघता कापडी बुटात पाय घालू लागले. तो आत गेला. धान्याच्या कोठीचं झाकण वाजलं. परत आला तो हातात खोकं घेऊन. नवे डोंगरातले बूट.

"दिवाळीत घेतलेत," तो म्हणाला. "अर्धा नंबर मोठे आहेत. नाहीतर बूट घट्ट झाले म्हणशील आणि पुन्हा धुळं गाठावं लागेल."

"मग इतके दिवस कोठीत कशाला?"

"तू मागशील म्हणून वाट बघत होतो. आणि मागू नयेस म्हणूनही."

खाली सलीमभाऊंनी हॉर्न वाजवला. "अक्का, पट्टा टाका वरून! का पट्ट्याबरोबर तुम्हीही?"

"मीही!" मी म्हटलं.

चढ पाऊण तासाचा, मला त्याहून बराच जास्त लागला. सलीमभाऊ काठीसारखे बाजूने चालले. मी दोनदा बसले. दम छातीत होता, पाय पुढे पडत होते. कड्याखाली आजी दिसल्या. वाळल्या काडीसारख्या, शेळीच्या गळ्यात हात टाकून पडलेल्या. पाय लाकडी फळीला बांधला, अंगाखाली स्ट्रेचर सरकवलं, पट्टे आवळले. दुमड बाहेरच्या बाजूला.

"टोचतंय का आजी?"

"नही."

एवढ्या एका 'नही'साठी दीड वर्ष थांबले होते.

चौघांनी उचललं. मी डोक्याशी उभी राहिले. आजींनी माझा हात पकडला. "माले पाडशात नही ना तुम्ही?"

"आजी, आते उतार शे. पाय वर व्हतीन. तुमले वाटी पडनू, पण पट्टा पक्का शे. मीच शिवेल शे."

"घर लगेच यी का?"

उचलणारे चौघे घामाघूम होते. आलंच आता, हे शब्द जिभेवर आले होते. गिळले. "नही आजी. अजून दोन ओढा शेतस. ओढा उना की मी सांगसू."

"माले चालता यी का मंग?"

"माहीत नही. डॉक्टर सांगतीन. मालेबी असंच बांधीसन नेल्हं व्हतं. डॉक्टर मालेबी माहीत नही, असंच म्हननात."

आजी मान वळवून माझे बूट बघायला लागल्या. "नवा शेतस," म्हणाल्या.

"आजच घातले."

पहिला ओढा सांगितला, दुसरा सांगितला. मधल्या उतारावर माझा पाय सुटला, पण पडले नाही. शेवटच्या बांधावरून खाली गाडी दिसली तेव्हा, आणि तेव्हाच, मी म्हटलं, "आजी, आलं." स्ट्रेचर गाडीत गेलं. नानांनी माझ्याकडे बघून एकदा डोळे मिटले. मीही मिटले. सलीमभाऊ म्हणाले, "हे काय चाललंय तुमचं?"

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. सासूबाईंनी माझ्या पायांना तेल लावून दिलं आणि म्हणाल्या, "रुसनात का?"

"नही," मी म्हटलं. "दुखतात फक्त."

दुसऱ्या दिवशी सकाळी

हे कागद पोस्टात टाकायचे होते. टाकले नाहीत. सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. मांड्या इतक्या दुखत होत्या, की बसच्या पायरीवर कंडक्टरने हात दिला. हॉस्पिटलात लिफ्टसमोर गर्दी होती. जिन्याने गेले.

पारोळ्याचा तो शेतकरी माझ्याच कोपऱ्यातल्या कॉटवर होता. बायको पायाशी उभी राहून सांगत होती, "झालंच आता, दोन दिवसांत घरी." त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची सरकवली, ती मी घेतली नाही. त्याच्या उशाशी उभी राहिले.

"भाऊ, मी साक्रीनी शे. याच कॉटवर मी होते. हे बघा, माझ्या पायांवर उभी आहे. आज रविवार, सकाळचे दहा. तुमचा श्वास मशीन घेतंय. तुम्ही आता चढावर आहात. तो किती आहे, ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. वर छताला जो डाग दिसतोय तो सशासारखा आहे, डावीकडून बघितला तर. कळलं असेल तर एकदा डोळे मिटा."

त्याने डोळे उघडले. डागाकडे बघितलं. मग एकदा मिटले.

मी कागद पिशवीतच ठेवले आणि पुढची वाट सांगायला लागले.